रेखाकला ते चित्रकला : मुंबई, सेवाग्राम, दिल्ली

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या परीक्षांचे अधिकृत नाव 'शासकीय रेखाकला परीक्षा' असे आहे. दिल्लीत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विषयसूचीत मात्र 'पेंटिंग', म्हणजे चित्रकला, हा शब्द येतो. हा भेद केवळ अनुवादाचा नाही. शालेय कलेचे मोजमाप कशाचे करावयाचे, याविषयीच्या दोन भिन्न समजुती त्यामागे आहेत. आणि मुंबईहून दिल्लीकडे जाणारी वाट वर्ध्यावरून गेली आहे.

मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये लॉकवुड किपलिंग (१८६५ पासून) व त्यांच्यासमवेत जॉन ग्रिफिथ्स यांच्या कारकिर्दीत लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा पाया दृढ झाला. या पद्धतीत रेखाटन हे व्याकरण होते : सरळ रेषा, वक्ररेषा, घनाकृती, अलंकरणाचा घटक, अशी पायरीपायरीने केलेली साधना. तिचे उद्दिष्ट कुशल हात हे होते. चित्रकार घडला तर तो जणू अधिकचा लाभ. १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाले. ते आज घेत असलेल्या परीक्षेची घडण पाहिली की हे व्याकरण अजून ओळखू येते. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. 'कर्तव्यभूमिती' हा भारदस्त शब्द मराठी मुलांच्या कानी पडला तो बहुधा याच वर्गात. या चौकटीत स्मरणचित्र हा विषय असा आहे की जिथे समोर नमुना नसतो. दिलेल्या विषयावर मूल आपल्या गावचा बाजार किंवा पावसातला रस्ता आठवून रंगवते. मुलाचे स्वतःचे जग परीक्षेत शिरते ते या एका दाराने, आणि गुण देणाऱ्याची खरी अडचणही येथेच सुरू होते.

राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीने ही चौकट मोडली, असा समज सहज होतो. कागदपत्रे तसे सांगत नाहीत. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर दिल्लीच्या जामिया मिलियाचे झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलभूत शिक्षणाचा जो अहवाल दिला, त्यात रेखाटनाला मानाचे स्थान आहे. परंतु तेथे सांगितलेली उद्दिष्टे पाहावीत : आकार व रंग ओळखणारी दृष्टी, आकारांची स्मृती, निसर्ग व कला यांतील सौंदर्याची जाण, नक्षीची अभिरुची, आणि तयार करावयाच्या वस्तूचे कार्य-आराखडे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती हीच जणू दुसऱ्या शब्दांत मांडली आहेत. वसाहतवादी शिक्षणाला पर्याय म्हणून पुढे आलेला दस्तऐवज रेखाटनाच्या बाबतीत साउथ केन्सिंग्टनची भाषा बोलत होता. हस्तोद्योग केंद्रस्थानी असलेल्या योजनेत तसे होणे अस्वाभाविकही नव्हते.

खरा विच्छेद झाला तो अहवालात नव्हे, वर्गात. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी असलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघात कलाशिक्षक म्हणून आले व १९६२ पर्यंत तेथे राहिले. हर्बर्ट रीड यांचा कलेद्वारा शिक्षणाविषयीचा ग्रंथ १९४३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. मुलाचे चित्र ही प्रौढाच्या चित्राची अपुरी आवृत्ती नव्हे, हा विचार जगभर रुजत होता. देवी प्रसादांनी तो खेड्यातील मुलांच्या चित्रांवर पारखून पाहिला आणि 'बच्चों की कला और शिक्षा' (१९५९) या हिंदी ग्रंथात मांडला. मुलाच्या चित्राकडे त्याच्या वाढीच्या अंगाने पाहू लागले की एका बैठकीतल्या एका चित्राला श्रेणी देण्याचा आधारच ढळतो. त्यांच्या विचाराचे इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ मध्ये काढले. उत्तरायुष्यात ते दिल्लीतच होते. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या मराठी मुलखात त्यांनी ही अठरा वर्षे काम केले, तेथील शासकीय परीक्षेच्या रचनेवर त्याची खूण दिसत नाही, ही गोष्ट खटकते.

दिल्लीत २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य करण्याचा आग्रह धरला, तेव्हा हीच दृष्टी शासकीय भाषेत अवतरली. बारावीच्या चित्रकलेत मात्र तिला मर्यादितच जागा मिळालेली आहे. शंभरांपैकी तीस गुण कलेतिहासाच्या लेखी परीक्षेला. राजस्थानी, पहाडी, मुघल व दख्खनी चित्रे त्यात येतात. दिल्लीच्या मुलाला अहमदनगरची चांदबिबी भेटते ती बहुधा चौगान खेळणाऱ्या चित्रातून. प्रात्यक्षिकाच्या सत्तरांपैकी निसर्ग व वस्तुचित्रणाला पंचवीस, चित्ररचनेला पंचवीस. उरलेले वीस वर्षभराच्या कामाच्या संचिकेला, ज्यात कच्च्या रेखाटनापासून पूर्ण चित्रापर्यंतचा प्रवास पाहावा अशी अपेक्षा असते. सेवाग्राम या गुणपत्रिकेत कोठे असेलच, तर या वीस गुणांत.

२००९ मध्ये केंद्रीय मंडळाने सुरू केलेल्या सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनात कलेला स्वतंत्र श्रेणी मिळू लागली होती; २०१७ मध्ये ही व्यवस्था संपुष्टात आली. त्याच वर्षीच्या शासननिर्णयांनी महाराष्ट्रात इंटरमिजिएटच्या अ, ब व क श्रेणी दहावीच्या वाढीव गुणांशी जोडल्या गेल्या, आणि स्मरणचित्रातला पावसातला रस्ता दहावीच्या टक्केवारीला येऊन मिळाला.