६२१चे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. डबाबंद सुपाचे मात्र दोन्ही विचारावे लागते. माझ्या आतेबहिणीच्या लेकाने लंडनहून भाज्यांच्या सुपाचे चार डबे आणले. ताईने एक फोडला, वाटीभर प्यायली आणि पाच मिनिटांत तिचे ओठ खाजू लागले. चायनीज खाल्ल्यावर कधीकधी होते, अगदी तसेच. तिने डबा उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि मुंगीएवढ्या अक्षरांवरून बोट फिरवत एका जागी थांबली. ई ६२१. ‘‘हाच तो मेला!’’ म्हणाली आणि पेनने त्याभोवती वर्तुळ काढले.

त्याच यादीत तीन शब्द मुद्दाम जाड ठशात छापलेले होते : गहू, दूध, सेलरी. बोट त्यांच्यावरून न अडखळता पुढे गेले. नावाला कोण घाबरतो? आकडा दिसला की कैद्याचा बिल्ला दिसल्यासारखे होते.

खरे तर हे आकडे म्हणजे निव्वळ हजेरीपट. युरोपात १९६२ साली खाद्यरंगांच्या यादीपासून ही पद्धत सुरू झाली. पुढे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मंडळाने जवळपास तेच आकडे ‘आयएनएस’ म्हणून घेतले, आणि आपल्याकडच्या पाकिटांवर दिसतात ते हे. शंभरीत रंग, सहाशेच्या घरात चव वाढवणारे पदार्थ. पटावरचा पहिला क्रमांक, १००, आपल्या हळदीतल्या पिवळ्या रंगाचा आहे. क जीवनसत्त्व ३००, जॅम घट्ट करणारे पेक्टिन ४४०. या पटावर ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. आपल्या गावोगावच्या चायनीजच्या गाड्यांवर त्याला एकच नाव आहे, अजिनोमोटो. ते आहे एका जपानी कंपनीचे नाव, आणि त्याची फोड मराठी माणसाला सोपी जावी अशी : ‘अजि’ म्हणजे चव, ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘मोतो’ म्हणजे मूळ. चवीचे मूळ!

हे मूळ सापडले सुपातच. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’, कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचे पातळ सार. तोक्योच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे किकुनाए इकेदा यांना प्रश्न पडला, की या साराची चव गोड नाही, खारट नाही, आंबट नाही, कडू तर नाहीच, मग ती आहे तरी कोणती? जर्मनीत शिकत असताना टोमॅटो, चीज आणि मांस यांतही त्यांना ती भेटली होती. १९०८ साली त्यांनी कित्येक किलो कोंबू उकळून, आटवून, गाळून अखेर तीसेक ग्रॅम स्फटिक मिळवले. ते ग्लुटामिक आम्ल निघाले. चवीला त्यांनी नाव दिले उमामी.

आम्ल नवे नव्हते. रिटहाउजेन या जर्मन रसायनज्ञाने १८६६ सालीच ते गव्हाच्या ग्लुटेनमधून वेगळे काढले होते, नावातला ‘ग्लुट’ तिथलाच. पण नुसत्या आम्लात ती चव नाही. सोड्याने त्याचा आंबटपणा मारला, त्याचे सोडियमचे क्षार झाले, की चव उमलते. बेचाळीस वर्षे बाटलीत पडून असलेल्या गोष्टीची सोयरीक जुळवली ती इकेदांनी. सुझुकी साबुरोसुके या उद्योजकाबरोबर १९०९ पासून ती पावडर बाजारात आली. थोड्याच वर्षांत जपानमध्ये वावडी उठली, की ही पावडर सापांपासून करतात! कंपनीला खुलासे करावे लागले. म्हणजे ६२१वर संशय घेण्याची परंपरा चायनीजच्या गाडीपेक्षा बरीच जुनी आहे.

या कुळाची दुसरी शाखा स्वित्झर्लंडची. पिठाच्या गिरणीचे मालक युलियुस मागी यांनी कारखान्यात राबणाऱ्या बायकांना झटपट करता येईल असे डाळींच्या पिठाचे सूप काढले आणि १८८६ मध्ये त्यात घालायचा एक काळपट अर्क. वनस्पतींची प्रथिने आम्लात शिजवून त्यांचे तुकडे करायचे, मग सोड्याने ते शांत करायचे. आज डब्यावर ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ असे भारदस्त नाव दिसते ते हेच. सुझुकींच्या कारखान्यातही सुरुवातीला गव्हाचे ग्लुटेन असेच आम्लात शिजवत. फरक एवढाच, की एकाने सगळा काढा बाटलीत भरला, दुसऱ्याने त्यातले ग्लुटामेट तेवढे वेचून घेतले. सख्खे चुलतभाऊच.

सुपाच्या डब्याला या भावांची गरज का पडली, ते घरी सूप करणाऱ्याला लगेच कळेल. हाडे-भाज्या तासन् तास उकळायला वेळ लागतो, पैसा लागतो. शिवाय डबा सीलबंद करून सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवावा लागतो, नाहीतर आत बोट्युलिझमचे जंतू जगतात. त्या तापात सुगंध उडून जातात. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या जॉन डोरन्स यांनी १८९७ मध्ये पाणी काढून आटवलेले सूप आणले, तेव्हापासून डबा लहान आणि स्वस्त झाला. आतल्या चवीला मात्र टेकू हवा होता, आणि चिमूटभर पांढऱ्या पावडरीने तो दिला. १९५६ मध्ये जपानी संशोधकांना ग्लुटामेट भरपूर तयार करणारा एक जिवाणू सापडला. तेव्हापासून गहू मागे पडला. आता उसाच्या मळीवर किंवा स्टार्चवर तो जिवाणू वाढवतात आणि त्यातून ६२१ निघते.

मग आले १९६८. रॉबर्ट हो मान क्वॉक या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला पत्र लिहिले : चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेमागे बधिरपणा येतो, अशक्तपणा वाटतो, धडधडते. कारण काय असावे? सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, जास्त मीठ, ग्लुटामेट असे चार संशयित त्यांनी मांडले होते. मथळा पडला ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’, आणि चारातले तीन सुटून एकाच्याच हातात बेड्या पडल्या. पुढच्याच वर्षी जॉन ओल्नी यांनी उंदरांच्या पिल्लांना ग्लुटामेटचे मोठे डोस टोचून मेंदूला इजा झाल्याचे दाखवले. टोचणे वेगळे नि खाणे वेगळे, पण बाळांच्या डब्यांतून ते लगोलग गेले. गंमत अशी, की आईच्या दुधात मुक्त ग्लुटामेट गाईच्या दुधाच्या कितीतरी पट असते.

पुढे चाचण्या पुष्कळ झाल्या. ‘आम्हाला त्रास होतो’ म्हणणाऱ्या १३० जणांना अमेरिकेत रिकाम्या पोटी पाच-पाच ग्रॅम ग्लुटामेट किंवा नुसते फसवे पेय दिले. कोणते काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. २००० साली निष्कर्ष आले. चाळणीवर चाळणी लावत गेल्यावर शेवटी दोघे उरले, आणि त्यांचीही लक्षणे दर वेळी सारखी नव्हती. म्हणून सगळे थोतांड, असे मी म्हणणार नाही. मोठा डोस, तोही अन्नाशिवाय, काहींना थोडा वेळ त्रास देतो, हे तपासण्यांत दिसले आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये शरीराच्या दर किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली. पण सुपातून जाते ते बहुधा अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर.

आपल्याकडचे २०१५चे मॅगी प्रकरण आठवत असेल. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या नमुन्यावरून सुरुवात झाली. शिशाचा मुद्दा होता, आणि दुसरा असा, की पाकिटावर ‘नो ॲडेड एमएसजी’ आणि आत ग्लुटामेट. जूनमध्ये बंदी, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, प्रयोगशाळांच्या मान्यतेपासून सुनावणीपर्यंत त्रुटी दाखवून. कंपनीचे म्हणणे होते, आम्ही ६२१ घातलेच नाही, ग्लुटामेट आले ते कांद्याच्या पावडरीतून, गव्हाच्या पिठातून आणि हायड्रोलाइज्ड शेंगदाणा प्रथिनातून. देशभर ‘एमएसजी, एमएसजी’ चालले होते. शेंगदाणा हा शब्द कोणाच्या फारसा नजरेत भरला नाही. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी खरी बातमी ती होती.

कारण ॲलर्जी म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांनी एखाद्या प्रथिनाला शत्रू समजणे, आणि शुद्ध ६२१मध्ये प्रथिन नाही. आम्लात शिजलेल्या चुलतभावात मात्र गव्हाचे, सोयाचे, शेंगदाण्याचे न तुटलेले तुकडे उरू शकतात. म्हणून तर कायद्याला त्याचे कूळ डब्यावर हवे असते. आपल्या नियमांत अशी जाहीर करायची नावे आहेत ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचवाले जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट. युरोपात यादी चौदाची. त्यात मोहरी आहे, तीळ आहेत आणि सेलरी आहे.

हे सगळे मी ताईला सांगितले. तिने हिशेब मांडला : पोळी रोज, म्हणजे गहू सुटला. चहा दोनदा, म्हणजे दूध सुटले. टोमॅटो घालून सोड्याचे कालवण दर आठवड्याला, आणि त्यात ग्लुटामेट नि त्याची चव वाढवणारे मासळीतले घटक हातात हात घालून असतात. म्हणजे इकेदांचेच सूप, कोकणी फोडणीचे. उरली सेलरी. ती चायनीजच्या सुपातही बारीक चिरून असते. ‘‘पण ही आहे तरी कोण?’’

‘‘ओव्या-कोथिंबिरीच्याच कुळातली. गाजराचीही भाऊबंद.’’

ती जरा गप्प झाली. मग गाजराची कोशिंबीर खाल्ल्यावर टाळू खाजते, हे तिने मला आयुष्यात पहिल्यांदा सांगितले.

ॲलर्जीच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. उरलेले तीन डबे तिने पिशवीत भरून ठेवलेत, त्यांना दाखवायला. सेलरीखाली आता लाल रेघ आहे. ६२१भोवतीचे वर्तुळ मात्र तिने खोडलेले नाही.