कधीमधी माल न्यायला जुनी पिकअप घ्यायची? सौद्याआधी हे बघून घ्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातलं ढाणकी. इथल्या शेतकऱ्याच्या डोक्यात हा विचार एकदा तरी येऊन गेलेला असतो. सोयाबीन निघालं, हळद वाळली, कापूस वेचून झाला की माल बाजारात न्यायला गाडी लागते. नेमकी त्याच आठवड्यात ती सगळ्या गावालाच लागते. मग वाटतं, भाड्यासाठी दहा जणांना फोन लावण्यापेक्षा एखादी जुनी पिकअप आपल्याच दारात असलेली बरी.

वाटण्यात चूक काही नाही. फक्त जुनी गाडी घेताना आपण किंमत बघतो आणि उभ्या गाडीचा खर्च विसरतो. सौदा फसतो तो तिथं.

आधी वर्षाच्या फेऱ्या मोजा

भाड्याने माल नेणाऱ्या, एकूण वजन 7,500 किलोपर्यंतच्या चारचाकीचा थर्ड पार्टी विम्याचा हप्ता 2022 मध्ये वर्षाला 16,049 रुपये ठरवण्यात आला. जीएसटी वेगळा. गाडी रोज चालो की महिनाभर झाडाखाली उभी राहो, रक्कम तीच.

आता हिशेब करा. वर्षात 20 फेऱ्या होत असतील तर नुसत्या विम्याचे एका फेरीमागे 800 रुपये झाले. 80 फेऱ्या असतील तर 200. त्यावर डिझेल, फिटनेस, टायर आणि उभ्या उभ्या उतरणारी बॅटरी. एवढं धरूनही भाड्यापेक्षा स्वस्त पडत असेल तरच पुढं जा. फक्त घरचाच माल न्यायचा असेल तर एजंटला ‘प्रायव्हेट कॅरिअर’चा दर विचारा, तो कमी असतो. पण मग शेजाऱ्याचा माल भाड्याने नेता येत नाही.

गाडी कोणती?

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, 2005 मध्ये आला. तो साधारण सात ते साडेसात क्विंटल नेतो. मारुती सुपर कॅरी साधारण तेवढंच ओढते. अशोक लेलँड दोस्त साधारण साडेबारा क्विंटलची, तर बोलेरो पिकअप मॉडेलप्रमाणे 13 ते 17 क्विंटलपर्यंत जाते.

नेमका आकडा विकणाऱ्याला विचारू नका, आरसीवर बघा. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते कायदेशीर वजन, आणि त्यात ड्रायव्हरही आला. कापसात वजनाआधी हौदा भरतो, त्यामुळे हौदा मोठा हवा. सोयाबीन-हळदीत हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि वजन कधीच पार झालेलं असतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे.

लायसन्सची काळजी नको. एकूण वजन 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिटही लागत नाही.

कागद आधी, गाडी नंतर

एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाका. मालक कितवा, बँकेचा बोजा, विमा आणि फिटनेसची मुदत तिथं दिसते. ई-चलन वेगळं तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. फिटनेस संपलेली गाडी स्वस्त दिसते, पण तो खर्च तुमच्याच खिशातून जातो.

ढाणकीहून पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा आणि पुढे तेलंगण. तिकडची गाडी स्वस्त मिळाली तरी परराज्यातल्या आरटीओची एनओसी आणि इथला कर धरूनच भाव करा.

नुसत्या सही केलेल्या टीटी फॉर्मवर, म्हणजे फॉर्म 29 आणि 30 वर, गाडी फिरवत बसू नका. 30 दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा असतो, विमा नावावर करायला 14 दिवस असतात. नोंदणीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे.

गाडी बघायला सकाळी जा

इंजिन थंड असताना स्वतः सेल मारा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर शंका घ्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. गाडी चालू असताना ऑईलचं झाकण उघडा. तिथून जोरात धूर येत असेल तर इंजिनकाम जवळ आलंय.

मग खाली वाका. चासीवर वेल्डिंग, वाकलेला एक्सेल किंवा पाट्यांत जादा पान दिसलं तर गाडी ओव्हरलोडवर चाललेली आहे. हौद्याचा तळ कुजलेला आणि कोपऱ्यात रेती असेल तर ती कुठं चालत होती हे विचारा आणि महसूलचा दंड बाकी नाही ना, याची तहसीलला खात्री करा. चासी नंबर आरसीशी जुळवा. टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर तडकतं.

शेवटी हौद्यात पाच क्विंटल टाकून चढावर चालवा. रिकामी गाडी क्लचचं खरं सांगत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका

गाडी दारात आली की वेचणीच्या बायांना शेतात सोड, वऱ्हाड ने, अशी मागणी येतेच. हौदा मालासाठी आहे. मागे माणसं बसवली आणि गाडी पलटली तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई मालकावर येते आणि त्यात शेत विकायची वेळ येऊ शकते. नातं टिकवायचं असेल तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा.

सगळं पटलं तर ओळखीचा मिस्त्री सोबत न्या आणि थोडी रक्कम गाडी नावावर होईपर्यंत राखून ठेवा, तसं लिहूनही घ्या. विकणारा सरळ असेल तर याला तो नाही म्हणणार नाही.