दोन साखरा आणि मधला थांबा

१९४० साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं. त्या दिवसांत सोरबॉन विद्यापीठात जाक मोनो हा तरुण संशोधक जिवाणूंना दोन-दोन साखरा देऊन त्यांची वाढ मोजत होता. काही जोड्यांत जिवाणू आधी ग्लुकोज संपवत, मग थबकत आणि पुन्हा वाढू लागत. त्या थांब्यात दुसरी साखर पचवणारी विकरं तयार होत होती. पुढे मोनो नाझींविरुद्धच्या लढ्यातही उतरले. १९६१ मध्ये फ्रांस्वा जाकोब यांच्यासह त्यांनी जनुकं चालू-बंद कशी होतात ते मांडलं. १९६५ मध्ये या दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत नोबेल मिळालं. मी कवितेचा माणूस. आलेखातली ती आडवी रेघ पाहून वाटतं, घाईच्या माणसानं ती चूक समजून पुसली असती.