पायातील ओल आणि शेजारधर्म

शिवालयात प्रदक्षिणा घालणारा भाविक सोमसूत्रापाशी थांबतो आणि आल्या वाटेने परततो. या आचाराचा धार्मिक अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यात स्थापत्याचेही शहाणपण आहे, असे आम्हांस वाटते. अभिषेकाचे पाणी प्रणालातून जोत्याबाहेर न्यावयाचे आणि त्याची वाट कोणी अडवावयाची नाही, हा मंदिर बांधणारांचा दंडक होता. वाट न मिळालेले पाणी अखेर पायाची वाट धरते. देवालयात आपण पाळतो तो हा नियम घर बांधताना मात्र सोयीस्करपणे विसरतो.

जाम नदीच्या एका तीरी पांढुर्णा, दुसऱ्या तीरी सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे या गावांचे नाव दूरवर गेले. पण तो झगडा एका दिवसाचा. या मुलखातील घरांचा काळ्या मातीशी चालणारा झगडा बारमाही आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि त्या भेगांतून वळचणीचे पाणी थेट पायात उतरते. मग जोत्याच्या दरजा सुटतात, भिंतीला लोणा लागतो. घरधनी आतून सिमेंटचा गिलावा देऊन निश्चिंत होतो. ओल मात्र त्या गिलाव्यामागून अधिकच वर चढते.

जाणता गवंडी प्रथम पाण्याचा उगम शोधतो. ओल पावसाळ्यातच दिसते तर दोष पन्हळीचा वा अंगणाच्या ढाळाचा. वैशाखातही टिकते तर संशय नळावर किंवा मोरीवर घ्यावा. उगम बंद केल्यावर तो जोत्याबाहेरची माती थोड्याथोड्या लांबीने उकरतो, कारण सगळा पाया एकदम उघडा पाडणे धोक्याचे. दरजा साफ करून जुन्या दगडी कामात चुन्यानेच भरतो, आणि माती दाबून बाहेरच्या बाजूस ढाळ देतो.

परंतु पाण्याचा उगम शेजाऱ्याच्या हद्दीत निघाला तर? येथे गवंड्याचे काम थांबते आणि कायद्याचे सुरू होते. भोसल्यांचे नागपूर राज्य १८५४ साली खालसा झाले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि सावरगावचा हा प्रदेश त्यात आला. पुढे १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा झाला, तो आरंभी मद्रास, मध्यप्रांत व कूर्ग एवढ्यांनाच लागू होता. मुंबई इलाख्यास त्यासाठी १८९१ पर्यंत थांबावे लागले. म्हणजे पुण्यामुंबईच्या आधी नऊ वर्षे तो सावरगावच्या दारी पोहोचला होता!

या कायद्याची दृष्टी पाहण्यासारखी आहे. उंच जमिनीवरचे पाणी स्वभावतः खाली वाहत असेल, तर खालच्या मालकाने ते वाहू द्यावे, असे सातवे कलम सांगते. मात्र छपराचे पाणी पन्हळीने शेजाऱ्याच्या जागेत सोडणे हा निसर्गक्रम नव्हे. तो हक्क मिळवावा लागतो. वहिवाटीने मिळवावयाचा तर वीस वर्षांचा उघड, शांततापूर्ण व अखंड उपभोग हक्काच्या भावनेने झालेला असला पाहिजे. ज्याचा नळ हक्काने दुसऱ्याच्या जमिनीतून जातो, त्याला दुरुस्तीसाठी ती जमीन खणता येते. पण काम होताच ती पूर्ववत करून द्यावी लागते. दुरुस्तीचा खर्च त्याचाच, आणि दुरुस्तीअभावी त्या जमिनीचे नुकसान झाले तर भरपाईही त्यानेच द्यावयाची. थोडक्यात, ज्याची सोय, त्याचीच जबाबदारी.

वकिली करीत असूनही आम्ही असेच म्हणू की कोर्टाची पायरी ही शेवटची पायरी असावी. दावा वर्षानुवर्षे चालतो. पाया मृगाचीच तारीख जाणतो. उन्हाळ्यातच दोन्ही घरच्या कर्त्यांनी गवंड्यासह एकत्र उभे राहून पाण्याची वाट पाहावी आणि ठरलेले दोन ओळींत लिहून ठेवावे. सोमसूत्रापाशी जो विवेक आपली पावले थांबवितो, तोच सामायिक भिंतीपाशी दाखविला, तर दोन्ही घरांचे जोते कोरडे राहील.