परत करायचा बिल्ला

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अॅक्रन नावाचं शहर आहे. गुडइयर आणि फायरस्टोन या दोन्ही कंपन्या तिथे वाढल्या, त्यामुळे एके काळी सगळ्या गावाला रबराचा वास यायचा म्हणतात. तिथल्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशिया नावाची नन पेशंट दाखल करून घ्यायच्या टेबलावर काम करायची. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात जन्मलेली, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेली. आधी ती संगीत शिकवायची. कामाच्या ताणाने तब्येत पार ढासळली, शिकवणं सुटलं आणि तिला हे टेबल मिळालं.

त्या काळी दारुड्याला हॉस्पिटलात खाट मिळत नसे. १६ ऑगस्ट १९३९ रोजी या बाईने असा एक माणूस दाखल करून घेतला आणि कागदावर आजार लिहिला पोटाचा. जागा नव्हती म्हणून त्याची खाट हलवली पेशंटसाठी आलेली फुलं ठेवायच्या खोलीत. गळ घातली होती डॉ. बॉब स्मिथ यांनी. हे सर्जन स्वतः दारूत बुडालेले होते. १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना, म्हणजे आमची एए, आपला जन्म त्याच तारखेपासून धरते.

त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट मी मीटिंगला नव्या माणसाला नेहमी सांगतो. न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामाला अॅक्रनला आला होता. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते. काम फिसकटलं. खिशात पैसे नाहीत, ओळखीचं कोणी नाही, आणि मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन, शेजारी गावातल्या चर्चची यादी. तो टेलिफोनकडे गेला. एकाकडून दुसऱ्याकडे असं करत शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंनी त्याची डॉ. बॉबशी गाठ घालून दिली. बिलला त्या वेळी उपदेश करणारा नको होता. आपल्यासारखाच एखादा दारुडा त्याला बोलायला हवा होता. एका दारुड्याने दुसऱ्याशी बोलावं, एवढ्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

पुढे सिस्टर इग्नेशियाच्या वॉर्डात अशा माणसाला पाचेक दिवस ठेवत. भेटायला यायचे ते दारू सोडलेलेच, आणि कॉफी कधीही मिळायची. घरी जाताना ती प्रत्येकाच्या हातावर येशूच्या पवित्र हृदयाचा एक छोटा बिल्ला ठेवायची. अट एकच होती. पुन्हा पहिला पेला उचलावासा वाटला, तर त्याआधी हा बिल्ला मला परत आणून द्यायचा.

ही अट मला फार शहाणपणाची वाटते. आमच्याकडे दारुड्याकडून काय मागतात? मुलाच्या डोक्यावर हात ठेव, देवासमोर नारळ ठेवून शपथ घे, आयुष्यात शिवणार नाही म्हण. ते आयुष्य संध्याकाळी सहा वाजता संपतं. सिस्टरने आयुष्याचं काहीच मागितलं नाही. तिने हात आणि पेला यांच्यामध्ये एक खेप घातली. बिल्ला घेऊन हॉस्पिटलपर्यंत जायचं, त्या बाईच्या डोळ्याला डोळा द्यायचा, मग प्यायचं. इतका वेळ गेला की तलफ बहुधा उतरते. आमच्यातल्या कोणालाही विचारा.

बिल्ल्याची रीत तिच्याही आधीची. आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १० एप्रिल १८३८ पासून दारू न पिण्याची शपथ द्यायला सुरुवात केली. लाखो लोकांनी ती घेतली, सोबत पदकंही वाटली गेली आणि त्या खर्चाने फादर कर्जात बुडाले. पण त्यांची शपथ होती जन्मभराची. पुढे १८४५ पासून बटाट्याचा दुष्काळ पडला आणि ती चळवळ विस्कटली. अमेरिकेत १८४० साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी वॉशिंग्टोनियन मंडळी काढली. हे लोक जमून स्वतःची हकिगत सांगत, म्हणजे आमच्या मीटिंगसारखंच. पण त्यांच्यात गुलामगिरी, दारूबंदीचा कायदा असे वाद शिरले आणि काही वर्षांत सगळं पांगलं. त्यांचा धडा घेऊन एएने बाहेरच्या कुठल्याही वादात मत न देण्याचं ठरवलं. आमच्या मीटिंगला निवडणुकीचं नाव निघत नाही ते त्यामुळे.

आपल्याकडच्या माणसाला हे परकं वाटू नये. गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी हेच करतो. फडप्रमुखाच्या, म्हणजे वारकरी मंडळींच्या म्होरक्याच्या, हातून माळ घेतली की दारू आणि मांस बंद. खायचं-प्यायचं असेल तर माळ आधी उतरावी लागते, आणि ज्यांच्या हातून घेतली त्यांना तोंड दाखवावं लागतं. माझे आजोबा माळकरी होते. गावच्या लग्नात कोणी ग्लास पुढे केला की ते काही न बोलता बोटाने माळ दाखवत. पुढचा आग्रह व्हायचाच नाही.

माझ्याकडे माळ नाही, नाणं आहे. एएमध्ये दारूशिवाय काढलेल्या काळाची अशी नाणी १९४० च्या दशकात रुळली. माझं पितळी आहे. एका बाजूला वर्तुळात त्रिकोण, मधे रोमन आकडा. मी चिंचवडला टूलरूममध्ये मिलिंग मशीनवर नोकरी केली, त्यामुळे धातू कसा झिजतो ते मला कळतं. किल्ल्यांबरोबर खिशात राहून त्याची कड गुळगुळीत झाली आहे. त्रिकोणाचं वरचं टोक अंगठ्याखाली आता लागतही नाही. ते टोक मीच घासलं आहे, बहुतेक पगाराच्या दिवशी, कंपनीच्या गेटपासून देशी दारूच्या दुकानापर्यंतच्या रस्त्यावर.

त्या रस्त्यावरून मी काकांना फोन करायचो. काका म्हणजे माझे स्पॉन्सर, नव्याला सांभाळून घेणारे एएतले जुने सभासद, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते दारूचा विषयच काढत नसत.

"जेवलास का?"

"नाही काका, दुपारपासून काही नाही."

"मग आधी पोटात काहीतरी घाल. चिडलायस का कोणावर?"

"सुपरवायझरवर."

"बरं. खा, आणि घरी न जाता सरळ इकडे ये."

भूक, राग, एकटेपणा, थकवा. या चौघांना सांभाळा, असं एएत जुनी माणसं सांगत आली आहेत. माझ्या पिशवीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा असायचाच. सणासुदीला, हळदीला, साखरपुड्याला मी पोट भरून निघतो, नंबर असलेला फोन वरच्या खिशात ठेवतो आणि परत यायची सोय आधीच बघून ठेवतो. सकाळी उठल्यावर फक्त आजच्या दिवसाचं ठरवतो. आनंद हळूहळू आला. आधी भूक परतली, मग झोप. मग मुलगी शाळेचं दप्तर घेऊन माझ्या शेजारी अभ्यासाला बसू लागली.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैशाचं पाठबळ दिलं. उपचार संपल्यावरही माणसाची गाठ सोडायची नाही, हे तिथेही कटाक्षाने पाळतात. अॅक्रनच्या फुलांच्या खोलीतून आणि येरवड्याच्या मुक्तांगणातून निघालेल्या माणसाची खरी परीक्षा घरी पोचल्यावरच सुरू होते.

सिस्टरची एक गोष्ट मात्र मला पटत नाही. सेंट थॉमसमध्ये एकदा उपचार घेतलेल्याला ती पुन्हा दाखल करून घेत नसे. खाटा थोड्या आणि दारात रांग, हे मी समजू शकतो. तरीही ज्याच्याकडून बिल्ला परत येईल त्याच्यासाठी दार उघडं हवं होतं असं मला वाटतं. आमच्या मीटिंगला घसरलेला माणूस आला की त्याला पहिल्या दिवसाचं नाणं पुन्हा देतात, आणि मागच्या नाण्याचं काय झालं हे कोणी विचारत नाही. फक्त त्याचा फोन नंबर लिहून घेतात आणि उद्या सकाळी त्याला कोण फोन करणार ते तिथेच ठरवतात.