चाक थांबले, काम नाही

वाहतूक धंद्यात एक समजूत इतकी मुरली आहे की तिला कोणी समजूत म्हणतही नाही. ड्रायव्हरचे काम गाडी चालवणे. गाडी उभी राहिली की तो मोकळा. म्हणून मोबदला खेपेवर किंवा किलोमीटरवर. ही समजूत तपासायला भंडारा जिल्हा सोयीचा आहे, कारण इथून नागपूर फार लांब नाही.

वरठीहून पोलादी सळ्या ट्रेलरवर लादून नागपूरला न्यायच्या आहेत, असे धरू. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे स्टिअरिंगवर फार तर दोन तास. त्याआधी गेटवर नंबर लावणे, रिकाम्या गाडीचा काटा, भरती, साखळ्या आवळणे, मालावर चढून ताडपत्री ओढणे, दोर बांधणे, पुन्हा काटा, बिल्टी. नागपुरात हेच सारे उलट्या क्रमाने. उघड्या ट्रेलरवरचा माल टिकतो तो बांधणीमुळे, आणि सळई सरकली तर जाब ड्रायव्हरलाच. अशा खेपेत गाडी चालवणे हेच जोडकाम ठरते. दाम मात्र त्या जोडकामाचाच मिळतो.

पूर्वपक्ष म्हणतो, रांगेत ड्रायव्हर झोपतो, पत्ते कुटतो. त्याचे पैसे कसले? याचे उत्तर १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिले आहे. मालकाच्या, किंवा सेवेवर हक्क असलेल्या दुसऱ्या कोणाच्या दिमतीला असलेला वेळ म्हणजे कामाचे तास. गाडीची देखभाल-दुरुस्ती, मालाची चढउतार ही 'पूरक कामे'ही त्यातच मोजायची. आराम कोणता, याची कसोटीही तिथेच आहे : तो वेळ माणसाला आपल्या मर्जीने घालवता आला पाहिजे. नंबर केव्हा सरकेल हे ठाऊक नाही, माल सोडून जाता येत नाही, अशा माणसाची डुलकी ही सुटी नव्हे. ही कल्पना आपल्याकडे आकाशातून पडलेली नाही. १९३९मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने केलेल्या करारात ती होती.

कायदा जाणणारा प्रतिपक्षी इथे बोट ठेवील : त्याच व्याख्येत 'नुसती हजेरी' पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच धरली आहे. आक्षेप वजनदार आहे. पण नुसती हजेरी म्हणजे हाकेची वाट पाहत जागेवर थांबणे. रांगेत गाडी पुढे घेणे, भरतीवर नजर ठेवणे, माल राखणे हे मालासंबंधीचे काम आहे. त्याला पंधरा मिनिटांची मर्यादा लागू होत नाही.

दुसरा मुद्दा असा, की भत्त्यात सगळे धरलेले असते. धरलेले असते, तर गाडी चार तास अडकली आणि दोन दिवस अडकली, तरी रक्कम तीच कशी? उशिराची जोखीम ज्याच्या हाती उशीर टाळणे नाही, त्याच्या खिशावर टाकायची, एवढाच या हिशेबाचा अर्थ.

तिसरा मुद्दा खरा आहे. एक-दोन गाड्यांचा मालक स्वतःच भाड्याच्या दरात पिचलेला असतो. १९६१चा कायदा पाच कामगारांपासून लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. तिचा उंबरठा दहांचा आहे. म्हणजे छोट्या मालकाचा ड्रायव्हर कायद्यापासून आणखी दूर गेला. पण यातून काम फुकट करून घ्यावे हे निघत नाही. बिल दुसऱ्या दारी पाठवावे हे निघते. ज्याच्या अंगणात गाडी अडकली, त्याच्या.

ही मागणी अचाट नाही. भंडारा रोड किंवा तुमसर रोडला मालगाडीचा डबा ठरल्या मुदतीपलीकडे अडकवला तर रेल्वे डेमरेज लावते. ट्रकच्या मालकालाही करारात असेल तर हॉल्टिंग मिळते. लोखंडाच्या थांबण्याला दाम आहे. १९६९मध्ये माथाडी कायदा करणाऱ्या याच महाराष्ट्रात पोत्यापोत्याची हमाली ठरते. शेजारी ताडपत्री बांधणाऱ्याची मजुरी मात्र कुठल्याच कागदावर येत नाही.

उपाय साधा आहे. बिल्टीवर आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ लिहावी. ठरल्या तासांनंतरच्या हॉल्टिंगमध्ये ड्रायव्हरचा वाटा आधीच ठरवावा. ताडपत्री-बांधणीला हमालीसारखा दर लावावा. ढाब्यावर त्याने आपखुशीने काढलेला वेळ यात धरू नये, हेही मान्य.

'मोजायचे कसे?' हा शेवटचा प्रश्न विचारण्याआधी गेटवरची वही उघडून पाहावी. गाडी आत आल्याची वेळ तिथे लिहिलेली असते, बाहेर पडल्याचीही. मोजणी रोज होते आहे. आकारणी तेवढी राहिली आहे.