पडद्यावरचे तुकोबा

गेल्या आषाढी एकादशीला ठाकुर्लीच्या आमच्या घरी ‘संत तुकाराम’ पाहिला. आई, मी आणि माझी मुलगी. दोन तासांहून मोठा, काळापांढरा चित्रपट. मुलगी मध्येच उठेल असं वाटलं होतं. ती उठली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वाचकहो, प्रभात कंपनीचा हा बोलपट दामले आणि फत्तेलाल या जोडीने पुण्यात काढला. १९३६ च्या डिसेंबरात तो गिरगावच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि सत्तावन्न आठवडे चालला. इकडे आमच्या ठाकुर्लीच्या वीजघरातून त्या वेळी रेल्वेला वीज जात होती. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही चित्रपटाचा गौरव झाला. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, हे ऐकून मुलगी चकित झाली.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला असा चित्रपट स्वस्थ बसून पाहता येत नाही. शत्रूचे शिपाई शिवाजीमहाराजांना धरायला कीर्तनात येतात आणि त्यांना जिकडे तिकडे शिवाजीच दिसतो! असे प्रसंग आले की माझी चुळबुळ सुरू. तुकोबा १६५० च्या सुमारास गेले. महिपतीने ‘भक्तविजय’ लिहिला १७६२ मध्ये. मधल्या शंभरावर वर्षांत लोकांच्या श्रद्धेने चरित्रात किती भर घातली असेल, याचा हिशेब कोण देणार?

पण जिजाई पडद्यावर आली की माझा आक्षेप गळून पडतो. आजारी मुलासाठी ती हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. १६३० च्या दुष्काळाने तुकोबांचा धंदा बुडवला, त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, हे आम्ही वर्गात दोन वाक्यांत उरकतो. घरात दाणा नसणं म्हणजे काय, ते जिजाईची भूमिका करणाऱ्या गौरीबाईंच्या चेहऱ्यावर दिसतं. इथे चित्रपट माझ्यापेक्षा चांगला इतिहास शिकवतो, हे कबूल केलं पाहिजे.

मग ‘आधी बीज एकले’ सुरू झालं. आई डोळे मिटून बरोबर म्हणू लागली. मला राहवलं नाही. म्हटलं, “आई, हा तुकोबांचा अभंग नाही. चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिला.”

“काहीतरीच! आमच्या भजनात दर एकादशीला म्हणतो आम्ही.”

खरं तर अनेकांना तो तुकोबांचाच वाटत आला आहे. विद्यार्थी असताना मीही एका उत्तरपत्रिकेत तो तुकोबांच्या नावावर घातला होता आणि गुण मिळवले होते! तेही आईला सांगितलं. ती हसली नाही.

चित्रपट संपल्यावर तिने कपाटातून गाथा काढली. चष्मा लावून शेवटची सूची उघडली, ‘आ’वर बोट ठेवलं आणि एकेक ओळ खाली येत गेली. पान संपलं. मग पुन्हा वरून सुरुवात केली.